उभ्या कामाचे पाय आणि शिरांचा लेझर उपचार

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्यानं निघालं की सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत लागते. स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल आणि त्यांत पाळीभर उभी असणारी माणसं. यात छत्तीसगढी, बिहारी, ओडिया कामगार आहेत, तसे गोंदिया-भंडारा-नागपूरकडून आलेले मराठी फिटर, वेल्डर आणि सुपरवायझरही आहेत. अशा कामात काही वर्षं गेली की काहींच्या पोटऱ्यांवर निळसर, वेटोळ्या शिरा उठून दिसायला लागतात. त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली म्हणजे ‘नस फुगली आहे, दुखत तर नाही ना?’ असं म्हणून घोट्यापाशी जखम होईपर्यंत गप्प बसणं. दुसरी अलीकडची आहे: ‘चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी’ असा फलक वाचायचा आणि सरळ लेझरची तारीख घ्यायची. या दोन्ही रीती मला चुकीच्या वाटतात. जखमेची वाट पाहण्यात पाय आणि मजुरी दोन्ही जातात. आणि वरून दिसणाऱ्या शिरेवर भरवसा ठेवून लेझर करून घेण्यात पैसे जाऊन दुखणं तसंच राहू शकतं. कधी आणि काय करायचं हे एक साधी तपासणी सांगते. रुग्णाला उभं करून केलेली पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी ही ती तपासणी.

तिचं महत्त्व समजायचं तर रक्त पायातून वर कसं चढतं ते पाहावं लागेल. पोटरीचे स्नायू आवळले की त्यांच्यातल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल झाले की शिरांमधल्या नाजूक झडपा मिटतात आणि ते रक्त खाली येऊ देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्यापाशी शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर असतो. निरोगी पायात चालायला सुरुवात केल्यावर तो ३० च्या खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून जांघेपर्यंत त्वचेखालून जाणारी एक लांब शीर आहे, ग्रेट सॅफेनस नावाची. बहुतेकांच्या बाबतीत बिघाड तिच्यात असतो, तोही मांडीत, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही. पोटरीवर दिसणारी वेटोळी या शिरेच्या फांद्यांची असतात. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडलेला असताना खालच्या नळाला चिंध्या बांधून काही होत नाही, तसंच फक्त दिसणारी वेटोळी काढून पुष्कळदा काही साधत नाही. सिलतऱ्यात यावर उष्णतेची भर पडते. गरम झालं की त्वचेजवळच्या शिरा सैलावतात. भट्टीची धग आणि रायपूरचा ४४-४५ अंशांचा मे महिना एकत्र आले की संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात.

‘आमच्या खात्यात सगळेच उभे असतात, त्रास मात्र दोघा-तिघांनाच, मग दोष कामाचा कसा?’ हा आक्षेप रास्त आहे. आनुवंशिकता, वय, वजन, स्त्रियांमध्ये गरोदरपण हे सगळं मोजावं लागतं. पण डेन्मार्कमधल्या नोकरदार लोकांचा १२ वर्षं पाठपुरावा करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कामाचा तीन-चतुर्थांश वेळ उभ्यानं किंवा चालत घालवणाऱ्यांना फुगलेल्या शिरांसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण इतरांच्या पावणेदोन पटींच्या आसपास निघालं. काम करण्याच्या वयातल्या रुग्णांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिकांचं दुखणं अशा उभ्या कामामुळे असावं, असा त्या संशोधकांचा हिशेब होता. म्हणजे घराण्यातून कच्च्या झडपा मिळालेल्या माणसाला उभं काम लवकर गाठतं. हे बायकांचं दुखणं आहे हा समजही टिकत नाही. एडिंबरा शहरातल्या १,५६६ प्रौढांच्या पाहणीत, १९९९ साली, मोठ्या शिरा फुगलेल्या पुरुषांचं प्रमाण ४० टक्के आणि स्त्रियांचं ३२ टक्के आढळलं. पुरुष फुलपँटमध्ये असतात आणि डॉक्टरकडे जात नाहीत, इतकंच.

आता सर्वांत मोठा आक्षेप: फुगलेल्या शिरेनं कुणी मरत नाही, मग हात कशाला लावायचा? नुसती शीर दिसते, त्रास काही नाही, सूज नाही, त्वचा नीट आहे, अशा माणसानं हात लावू नये हे मलाही मान्य आहे. डॉक्टर या आजाराच्या पायऱ्या ० ते ६ अशा मोजतात. पहिल्या पायरीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, दुसरीवर फुगलेल्या शिरा, तिसरीवर सूज, चौथीवर घोट्याभोवतीची त्वचा काळवंडणं, खाजणं, कडक होणं, पाचवीवर भरून आलेली जखम आणि सहावीवर उघडी जखम. खरी मेख चौथ्या पायरीवर आहे, कारण घोट्याच्या आतल्या बाजूचा तो काळा, खाजरा चट्टा नायटा समजून मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन् महिने चोळली जाते. पुढे एखाद्या पत्र्यानं खरचटतं आणि ती जखम भरतच नाही. अशी जखम झाल्यावर शिरेचा उपचार लगेच करावा की आधी आवळपट्ट्या बांधून जखम भरू द्यावी, याची थेट तुलना ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झाली. २०१८ साली निकाल आला: दोन आठवड्यांच्या आत शीर बंद केलेल्यांची जखम भरायला मध्यकानुसार ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२. फरक २६ दिवसांचा, म्हणजे कंत्राटी कामगाराची महिन्याची पूर्ण हजेरी. त्याआधी २००४ मध्ये आलेल्या, ५०० रुग्णांच्या दुसऱ्या एका चाचणीत शिरेची शस्त्रक्रिया आणि पट्ट्या दोन्ही मिळालेल्यांपैकी १२ टक्क्यांना वर्षभरात जखम पुन्हा झाली. फक्त पट्ट्या बांधलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं. दोन्ही चाचण्या जखम झालेल्या रुग्णांच्या आहेत, हे खरं. परंतु ज्या उलट्या प्रवाहामुळे जखम रेंगाळते तो चौथ्या पायरीवर, बहुधा तिसरीवरही, तिथेच असतो. तेव्हा सूज रोजची झाली किंवा घोट्यापाशी रंग बदलला की तपासणीची वेळ आली असं धरावं; दुखण्याची वाट पाहू नये.

तपासणी आधी आणि लेझर नंतर हा क्रम या भागात विशेष महत्त्वाचा आहे. छत्तीसगढ आणि विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णालाही घोट्याजवळ न भरणारी जखम होते. मधुमेहाची जखम आहे, कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या पायाची जखम आहे, हत्तीपायाची सूज आहे. विडी-तंबाखू ओढणाऱ्यांत रोहिण्या (पायाकडे रक्त आणणाऱ्या धमन्या) आकसतात आणि पायाला रक्त पोचतच नाही. अशा पायावर कुणी शिरांसाठी म्हणून घट्ट पट्टा बांधला तर नुकसान होऊ शकतं. म्हणून डॉक्टरनं पावलावरची नाडी हातानं पाहिली का, मधुमेह आणि सिकलसेलची विचारणा केली का, यावर रुग्णानं लक्ष ठेवावं. विचारलं नाही तर आपण सांगावं. सिकलसेलच्या आजारात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढलेला असतो, ते शीर बंद करण्यापूर्वी डॉक्टरला माहीत असलं पाहिजे. याशिवाय एक सूज थांबू देत नाही: एकाच पायाला अचानक आलेली, पोटरी दुखते, गरम लागते अशी सूज. ती खोल शिरेतल्या गुठळीची असू शकते. तिच्यासाठी त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तासाभराचाही उशीर नको.

डॉपलरच्या कागदावर चार गोष्टी असायला हव्यात. कोणती शीर बिघडली आहे, तिचा व्यास किती, रक्त किती वेळ उलटं वाहतं आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. त्वचेखालच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटा प्रवाह असला तर झडप निकामी समजतात. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण खोल शिरा तुंबल्या असतील तर फुगलेली शीर हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते आणि ती बंद करणं घातक ठरतं. तपासणी आडवं झोपवून उरकली असेल तर उलटा प्रवाह नीट उमगत नाही, ती उभं करूनच हवी. कागदावर उलट्या प्रवाहाचा उल्लेख नाही, फक्त ‘शिरा फुगलेल्या’ इतकंच आहे आणि तरी लेझरची तारीख दिली जाते आहे, असं असेल तर दुसरं मत घ्यावं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांसाठी तर शिरेच्या आतला लेझर लागतच नाही.

प्रत्यक्ष उपचार ऐकायला वाटतो तितका अवघड नाही. गुडघ्याच्या आसपास सोनोग्राफीत बघत सुईनं शिरेत शिरतात, तिथून बारीक काचतंतूची तार वर सरकवतात आणि जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या जोडाच्या साधारण दोन सेंटीमीटर अलीकडे थांबतात. मग शिरेच्या लांबीभर, तिच्या सभोवती, भुलीचं पातळ केलेलं थंड द्रावण भरतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ मध्ये चरबी काढण्यासाठी ही पद्धत मांडली होती. तिच्याविना शिरांचा लेझर इतका सोपा झाला नसता. द्रावण भूल देतं, शीर तारेवर घट्ट आवळतं आणि बाजूची कातडी नि मज्जातंतू तापण्यापासून वाचवतं. नंतर लेझर सुरू करून तार हळूहळू खाली ओढतात. उष्णतेनं शिरेची भिंत आकसते, आतली पोकळी मिटते आणि पुढच्या महिन्यांत शरीर ती जिरवून टाकतं. एका पायाला साधारण अर्धा ते एक तास लागतो, त्यानंतर रुग्ण चालतच बाहेर येतो. उरलेली वेटोळी बारीक छिद्रांतून काढतात किंवा औषधाचा फेस टोचून मिटवतात. काही दिवस मांडीत दोरी ताणल्यासारखं वाटतं, काळंनिळं होतं. साध्या वेदनाशामकानं ते निभतं. क्वचित त्वचा भाजते किंवा गुडघ्याखाली बधिरपणा राहतो. खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका थोडा, पण खरा आहे.

‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात आणि तो योग्यच आहे. पायातलं बहुतांश रक्त, नव्वद टक्क्यांच्या आसपास, खोल शिरांमधूनच परत जातं. बिघडलेली वरची शीर तर रक्त खाली आणत होती. ती मिटल्यावर खोल शिरांचा भार वाढण्याऐवजी कमी होतो. तेल लावून रगडणं किंवा जळू लावणं यानं मिटेनाशी झालेली झडप पुन्हा मिटत नाही. चालण्यानं मात्र पोटरीचा पंप सुधारतो.

लेझर म्हणजे सर्वश्रेष्ठ, बाकी सगळं जुनाट, असं मी म्हणणार नाही. १९०७ साली बॅबकॉक यांनी सांगितलेली तार घालून शीर ओढून काढण्याची शस्त्रक्रिया शंभर वर्षं टिकली ती उपयोगाची होती म्हणून. लेझरचं पहिलं वर्णन १९९९ मध्ये स्पेनच्या कार्लोस बोने यांनी केलं, त्यानंतर यंत्रं सुधारत गेली. ब्रिटनमधल्या ११ केंद्रांत ७९८ रुग्णांवर लेझर, फेस आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. उपचारातल्या गुंतागुंती लेझरमध्ये १ टक्का, फेसात ६ आणि शस्त्रक्रियेत ७ टक्के निघाल्या. पाच वर्षांनी जगण्याची गुणवत्ता लेझर आणि शस्त्रक्रिया यांच्यात जवळपास सारखी आणि फेसापेक्षा बरी होती. ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत उष्णतेनं शीर बंद करणं पहिलं, फेस दुसरा आणि शस्त्रक्रिया तिसरी ठेवली आहे, आणि त्या पहिल्या पर्यायात लेझरइतकीच रेडिओलहरींची पद्धतही येते. यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. १४७० नॅनोमीटर तरंगलांबीचं की आणखी कुठलं लेझर यंत्र, यापेक्षा ते चालवणाऱ्यानं किती पाय केले आहेत हे विचारावं. आणि सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया कमी खर्चात होत असेल, लेझरसाठी मात्र कर्ज काढावं लागत असेल, तर शस्त्रक्रियेला नाक मुरडू नये. रायपुरात टाटीबंधचं एम्स आणि मेकाहारा म्हणून सगळे ओळखतात ते आंबेडकर रुग्णालय, या दोन्ही ठिकाणी आधी चौकशी करावी. आयुष्मान कार्डात कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातल्या योजना खिडकीवर, तारीख ठरण्याआधी विचारून घ्यावं. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार कर्मचारी राज्य विम्यात (ईएसआय) येतात, ठेकेदाराकडचेही. पगारातून त्यासाठी कपात होत असेल तर विम्याच्या दवाखान्यातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळवावी. अटी पूर्ण झाल्या तर वैद्यकीय रजेच्या दिवसांचे ७० टक्के वेतनही मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत.

शिरांसाठीच्या घट्ट मोज्यांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण ‘आधी सहा महिने घट्ट मोजे वापरा’ हा सल्ला सरसकट दिला जातो. जखमेवर आवळपट्ट्या निःसंशय उपयोगी आहेत. पण जखम नसलेल्या फुगलेल्या शिरांवर एकटे मोजे पुरतात असं म्हणण्याजोगा पुरावा अपुरा आहे. आणि ती ब्रिटिश मार्गदर्शिका ज्यांना इतर उपचार करता येत नाहीत त्यांच्यासाठीच मोजे सुचवते, उदाहरणार्थ गरोदर स्त्रियांना. सिलतऱ्यात अडचण आणखी आहे. हे मोजे नायलॉन आणि ताणल्या जाणाऱ्या धाग्यांचे असतात. भट्टीजवळ ठिणगी उडते, नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. ओतकामाच्या जागी ते घालायचेच तर वरून जाड सुती पँट आणि पायाचं संरक्षक आवरण हवंच, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय घालू नयेत. मे महिन्यात बारा तास असे मोजे कोण घालेल, हेही स्वतःला विचारावं. भट्टीवरच्या कामगाराला उलटा प्रवाह सापडला असेल तर शीर बंद करण्याचा उपाय लवकर निवडावा, असं म्हणायला मला हे एक जादा कारण वाटतं. नियंत्रणकक्षात किंवा गोदामात उभं राहणाऱ्यानं मोजे जरूर वापरावेत. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकण्याआधी चढवावेत.

लेझर करूनही शिरा पुन्हा येतात, मग कशाला? येतात, काहींच्या. २००९ मध्ये ६४ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात तीन वर्षांनी लेझरचं यश ९४ टक्के आणि ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेचं ७८ टक्के दिसलं. तरीही हे मिटवलेल्या शिरेपुरतं झालं. शेजारच्या शिरांची प्रवृत्ती उपचारानं बदलत नाही आणि कामही बदलत नाही. इथे कारखान्याची जबाबदारी सुरू होते. उभ्यानं काम करावं लागणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसायची सोय करणं हे कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ४४ नं बंधनकारक केलं होतं, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ही तरतूद आहे. एक स्टूल द्यायला फार खर्च येत नाही. आड येते ती ‘बसलेला कामगार म्हणजे आळशी’ ही समजूत. स्टूल नसलं तरी अर्ध्या तासानं दहा-पंधरा वेळा टाचा उचलाव्यात, पाणी आणायला स्वतः जावं, पाळी संपल्यावर पंधरा मिनिटं पाय उशीवर उंच ठेवावेत.

फुगलेल्या शिरेवर काही लागून ती फुटली तर रक्त चिळकांडीसारखं उडतं आणि आजूबाजूचे गडबडून मांडीला गमछा करकचून बांधतात. तसं करू नये. शीर आवळली जाते, रोहिणी चालूच राहते आणि रक्त उलट वाढतं. माणसाला आडवं निजवावं, पाय छातीच्या वर उचलून धरावा, फुटल्या जागी स्वच्छ कापड ठेवून बोटांनी दहा मिनिटं न उघडता दाबावं आणि मग रुग्णालयात न्यावं. अशी शीर एकदा फुटली की उपचार पुढे ढकलायचा नसतो.

राहता राहिला रायपूर की नागपूर हा प्रश्न, जो मराठी कुटुंबांत हटकून निघतो, कारण तिकडे नातेवाईक असतात. उपचार नागपुरात करायला हरकत नाही. परंतु त्याच संध्याकाळी गाडी पकडून पाच-सहा तास पाय लोंबकळत बसून परतणं टाळावं, कारण नेमक्या त्याच दिवसांत गुठळीची भीती असते. दोन-चार दिवस तिथे राहून रोज चालावं. पुन्हा डॉपलर कधी करायची ते आधीच विचारून ठेवावं, बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात करतात. तोवर मुक्काम शक्य नसेल तर रायपुरातच उपचार घेणं बरं. टेबलावरच्या कामावर दोन-तीन दिवसांत जाता येतं. भट्टीसमोरच्या आणि वजन उचलायच्या कामासाठी एक ते दोन आठवड्यांची सवलत डॉक्टरकडून लेखी घ्यावी. ठेकेदार तोंडी सांगितलेलं ऐकत नाही, कागद ऐकतो.